न खाल्लेला आंबा

बेबाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या एसटीत. चैत्र संपत आला होता. खिडकीच्या दांडीला हात लावला तर चटका बसत होता. माझ्या समोरच्या बाकावर बावीस-तेवीस वर्षांची एक सासुरवाशीण बसली होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या, आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरलेलं मातीचं एक बोळकं. बोळक्यावर मातीचंच झाकण होतं आणि भोवती ओलं फडकं. फडकं वाळत आलं की ती बाटलीतलं थोडं पाणी हातावर घेऊन त्यावर शिंपायची आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवायची.

शेजारच्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. "काय शे व माय त्यामा? पोर निजेल शे का?"

"औषध शे, आबा."

"औषधले बी आंघोळ?"

"पोर रडीसन तरी सांगस, माले ऊन लागनं म्हनीसन. हाई बिचारं काय सांगी?" ती म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या आधी स्वतःच हसली.

नरडाण्याच्या अलीकडच्या फाट्यावर मी उतरले तर तीही उतरली. फाट्यापासून गाव मैलभर आत. ती माझ्या पुढे चालत होती, डोक्यावर पिशवी आणि छातीशी बोळकं. चालत चालत ती थेट मी भाड्याने राहत होते त्याच घरात शिरली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की झुलाल आबांची धुळ्याला दिलेली लेक ती हीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती. आमच्या रावेरकडेही आखाजीला लेकी माहेरी येतात, पण या भागात जिची लेक आखाजीला आली नाही त्या आईला गल्लीतल्या बाया कारण विचारून विचारून हैराण करतात.

मी त्या गावच्या शाळेत बदलून आले होते त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. झुलाल आबांच्या घराची पुढची खोली माझी होती. आबा कमी बोलायचे. काही विचारलं तर आधी जमिनीकडे बघायचे, मग उत्तर द्यायचे, आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं. त्यांच्या घरधनीण भागाबाई नेमक्या उलट. त्यांची माया रागावण्यातूनच बाहेर पडायची. त्या कुणाला ओरडत नसल्या तर समजावं की त्या माणसाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. आणि घरात तिसऱ्या होत्या वच्छला अक्का, आबांच्या थोरल्या बहीण. फार लवकर विधवा होऊन भावाकडे आलेल्या. देवाचं, पितरांचं, लोणच्यापापडाचं आणि घरातल्या औषधांचं सगळं त्यांच्याकडे. सुंठ, ओवा, हिरडा, हिंग अशा त्यांच्या पुड्या आणि डब्या चुलीच्या वरच्या फळीवर असायच्या. तिथे ऊब असते, औषधाला ओल लागत नाही, असं त्या सांगायच्या.

बेबाबाई मूळची खाण्यापिण्याची शौकीन. लहानपणी तिनं आढीतले आंबे खाऊन साली आणि कोयी पुन्हा गवतात तशाच रचून ठेवल्या होत्या, ही गोष्ट गावात अजून सांगितली जायची. भागाबाई आंब्याची पाटी उघडताना हटकून म्हणायच्या, "देखी घ्या बाई, आंबा शे का नुसती सालच शे." सगळे हसायचे, बेबाही हसायची.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती वाळत चालली. पाणी प्यायची आणि बाहेर जायची, एवढाच तिचा दिवस. सासरच्यांनी तिला धुळ्याच्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा साखरेचा आजार निघाला. एवढ्या तरण्या पोरीला हा आजार होतो हेच गावात कुणाला खरं वाटेना. तिला मात्र तिथे सगळं नीट शिकवलं होतं. तिनं मलाही दाखवलं. काचेची सिरिंज आणि सुई उकळून घ्यायची. औषधाची बाटली ताकासारखी दिसते, ती जोरात हलवायची नाही, दोन तळव्यांमध्ये लाटल्यासारखी फिरवायची. सकाळी मांडीत सुई घ्यायची, मग थोड्या वेळानं जेवायचं. औषध थंड जागी ठेवायचं. त्या काळी आमच्या गावात फ्रिज नव्हता, तिच्या धुळ्याच्या घरीही नव्हता. म्हणून ते बोळकं. घरी आल्यावर ते माठाखालच्या ओल्या वाळूत रुतवून ठेवायचं.

लघवी तपासायची काचेची नळीही तिच्याजवळ होती. निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर रंग निळाच राहतो, वाढत गेली तसा हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होतो. ती मला म्हणाली होती, "निळा म्हणजे सून गुणाची. हिरवा म्हणजे चालेल. पिवळा म्हणजे नवऱ्यानं रागवावं. आणि विटकरी झाला तर सासूला सांगू नका."

तिचा नवरा सुकदेव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. अबोल, हात कायम ऑइलने काळे. सकाळी तिची सुई तोच उकळून द्यायचा, चहाच्याच पातेल्यात, चहाच्या आधी. हे तिनं मला सांगितलं तेव्हा लाजली होती.

मला लिहायचं आहे ते पुढच्या वर्षीच्या, सत्त्याऐंशी सालच्या आखाजीबद्दल.

त्या वर्षी ती महिनाभर राहायला म्हणून आली होती. बोळक्यात दोन बाटल्या होत्या, एक चालू आणि एक कोरी. आखाजीच्या सकाळी तिनं सुई घेतली, नळी तपासली, रंग हिरवट होता. मग ती अंगणात झोक्यावरच्या पोरींमध्ये गेली. इकडे स्वयंपाकघरात पितरांची घागर भरायची तयारी चालली होती. नवी घागर पाण्यानं भरून ओल्या वाळूवर ठेवतात, तिच्यावर छोटा लोटा, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे, आणि पितरांना नैवेद्य दाखवतात. ती वाळू म्हणजे माठाखालची तीच वाळू.

यानंतर काय झालं ते आम्हाला फार उशिरा कळलं, पण ते सांगायची जागा हीच आहे. वच्छला अक्कांनी घागर ठेवायच्या आधी ते बोळकं तिथून उचललं. जे घेताना रोज सुई टोचून रक्त निघतं, आणि जे जनावराच्या पोटातून काढलेलं असतं असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, ते पितरांच्या पाण्याशेजारी कसं राहू द्यायचं? पण भाचीचं औषध. त्यांनी ते कुठेही टाकलं नाही. घरात औषधाची म्हणून जी जागा होती तिथे, चुलीच्या वरच्या फळीवर, ओव्याच्या डबीशेजारी त्यांनी ते जपून ठेवलं. मांजर पोचू नये म्हणून थोडं आत सरकवलं.

आखाजीचे मांडे खापरावर भाजतात. उलट्या खापराखाली दिवसभर कपाशीच्या काड्यांचा जाळ असतो. पोळी हातावर पसरायची आणि खापरावर टाकायची. त्या दिवशी भागाबाई आणि दोन शेजारणी दुपारपासून संध्याकाळपर्यंत मांडे करत होत्या. घामानं त्यांची लुगडी पाठीला चिकटली होती. फळी त्यांच्या डोक्यावर हातभर होती. दुसऱ्या दिवशी पहाटे अक्कांनी अंघोळ करून बोळकं पुन्हा वाळूत ठेवलं आणि त्यावर पाणी शिंपलं. बेबा उठली तेव्हा ते जिथल्या तिथे होतं.

बेबानं आखाजीला नैवेद्याच्या वाटीतला चमचाभर रस खाल्ला होता. तिनं ते लपवलं नाही, सगळ्यांसमोर खाल्ला आणि भागाबाईंनी तिच्या हातावर चापट मारली.

दोन-तीन दिवसांत तिला तहान लागायला लागली. नळी पिवळी झाली, मग नारिंगी, मग विटकरी. ती नळी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"माय, औषध लागू पडत नही."

"औषध कसाले लागू पडी?" भागाबाई म्हणाल्या. "रस खादा तू."

"एक चमचा खादा. तुना समोर."

"मना समोर एक चमचा. आनि मना मागे?"

 बेबानं दुसरी, कोरी बाटली उघडली. त्या बाटलीनंही फरक पडला नाही. खरं तर तिथेच सगळ्यांच्या लेखी निकाल लागला. एक बाटली खराब असू शकते, पण दोन्ही कशा असतील? औषध दोन, आणि खाणारी एक. गल्लीतल्या बाया बोलायला आल्या. त्यांना आढीतल्या कोयींची गोष्ट पुन्हा आठवली. या वेळी ती हसून सांगितली जात नव्हती.

मग तिनं खाणं कमी केलं. आधी भात सोडला, मग भाकरी अर्ध्यावर आणली. शेवटी शेवटी ती फक्त ताक आणि मेथीची भाजी खात होती, तरी नळी विटकरीच. तिचे गाल आत गेले. मला ती म्हणाली, "बाई, आता मलाच वाटतंय की मी झोपेत उठून खाते की काय." ती हे थट्टेनं बोलत होती की खरंच, ते मला तेव्हा कळलं नाही.

बाजारच्या गावचे एक डॉक्टर सायकलवरून आमच्या गावी यायचे. आबांनी त्यांना बोलावलं. त्यांनी नळी पाहिली, औषधाचा डोस वाढवून दिला, आणि दारात चप्पल घालता घालता भागाबाईंना म्हणाले, "गोडावर लक्ष ठेवा. या पेशंटना आवरत नाही." बेबा आतून ऐकत होती. ती त्याच बाटलीतलं आणखी औषध घेऊ लागली.

त्या दिवसापासून भागाबाईंनी आंब्याची पाटी स्वतःच्या खोलीत ठेवली आणि रस काढला की झाकणावर वरवंटा ठेवला. वच्छला अक्का दुपारी पाटीच्या शेजारीच आडव्या व्हायच्या. लेकीचा जीव वाचवायला दोघींना जेवढं सुचलं तेवढं सगळं त्या करत होत्या.

मग तिला उलट्या सुरू झाल्या. पोटात दुखायचं. त्यानंतर एका सकाळी भागाबाई तिचं तोंड पुसायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. मी दारातच होते.

"बाई, इकडे या," त्या म्हणाल्या. "वास ल्या."

मी वाकले. बेबाच्या श्वासाला वास येत होता. पिकलेल्या फळाचा, अगदी उतरत्या आंब्याचा, थोडा आंबूसपणाकडे झुकणारा. माझ्या मनात काय आलं ते लिहायला नको. भागाबाईंच्या मनात आलं तेच आलं.

"आते बोल," भागाबाई लेकीला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच मला वाईट वाटलं. "तोंडमाईन आंबाना वास ई राह्यना. आते बी नहीच म्हनशी?"

"नही खादा, माय."

"मंग हाऊ वास कसाना शे?"

 बेबानं स्वतःच्या तळहातावर श्वास सोडला, तो हुंगला, आणि आईकडे पाहत राहिली. आपल्याच तोंडानं आपल्याविरुद्ध साक्ष दिलेल्या माणसाचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. आबा ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं, जमिनीकडे पाहिलं आणि मग उठून शेताकडे गेले.

दुपारी ती भिंतीला धरत धरत माझ्या खोलीत आली. बोळकं, नळी, दिवा सगळं बरोबर आणलं होतं. येऊन चटईवर बसली आणि आधी श्वास सावरला.

"बाई, तुमच्या खोलीत आंबा आहे?"

"नाही गं."

"गूळ, साखर?"

मी चहाची साखर डब्यासकट उचलून शेजारी देऊन आले.

"मग मी उद्या सकाळपर्यंत इथे राहते. तुम्ही द्याल तेच खाते. बाहेर जायचं झालं तर तुम्ही बरोबर या. सुई तुमच्यासमोर घेते. आणि सकाळी नळी तुम्ही तापवा, मी हात लावत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "माय माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

मी दाराला कडी लावली. तिला मुगाचं पातळ वरण आणि भाकरीचा चतकोर दिला. त्यातलं तिच्या पोटात फारसं काही राहिलं नाही. ती बराच वेळ झोपून होती. श्वास लांब लांब आणि खोल घेत होती, दूर धावून आलेल्या माणसासारखा, आणि ती तर चटईवर पडलेली. सकाळी तिनं बाटली तळव्यांमध्ये फिरवली. तिच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून मग मी फिरवली. आतलं पांढरं पाणी फिरत होतं आणि काचेला बारीक बारीक कण चिकटून राहत होते. मला ते औषध कसं दिसायला हवं हे ठाऊक नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "आजकाल असंच दिसतं." तिला दवाखान्यात औषध कसं घ्यायचं ते सगळं शिकवलं होतं, पण ते वाया गेलं तर कसं दिसतं हे सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

नळी मी तापवली. रंग विटकरी झाला. आणि खोलीत आंब्याचा वास भरला होता.

मी कडी काढून भागाबाईंना हाक मारली. त्या आल्या, लेकीजवळ वाकल्या, वास घेतला. मग माझ्या खोलीतून नजर फिरवली. कोनाडा, कपाट, माझी ट्रंक. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं हे त्यांनाही कळलं आणि त्या ओशाळल्या.

"रातले काय खादं हिनी?"

"मुगाचं वरण. तेही उलटून पडलं."

"आंबा?"

"भागाबाई, या खोलीत कालपासून आंबा आलेला नाही. मी दाराशी बसून आहे."

 मग त्यांनी मला विचारलं, "मंग हाऊ वास कसाना शे, बाई?" आदल्या दिवशी लेकीला विचारलेला तोच प्रश्न होता.  मी त्या गावात शिकलेली समजली जात होते आणि मला एवढंच सांगता येत होतं की हिनं आंबा खाल्लेला नाही. पुढे काय, ते तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. बेबाचे डोळे उघडे होते. आईनं वरवंट्याखालचा रस तपासला की नाही ते माहीत नाही, पण त्यानंतर भागाबाईंनी लेकीला बोल लावला नाही. तिचे पाय दाबत बसल्या.

आबांनी गाडी जुंपली. गाडीवरच्या तट्ट्याच्या सावलीत गादी टाकून आम्ही तिला फाट्यावर नेलं. धुळ्याच्या एसटीच्या कंडक्टरनं तिला ओळखलं. "सुकदेवची बायको ना ही?" एवढंच विचारून त्यानं मागचं अख्खं बाक रिकामं करवलं. धुळ्यात गाडी स्टँडच्या आधी दवाखान्याच्या दारात थांबली आणि कुणीही प्रवासी कुरकुरला नाही. वाटेत बेबानं फक्त एकदा डोळे उघडले आणि मला म्हणाली, "बाई, डॉक्टरांना सांगा हं, मी खाल्लेलं नाही." त्यानंतर ती कुणाला ओळखेनाशी झाली.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि वासावरूनच त्यांचा चेहरा बदलला. सलाईन लागली, सुया लागल्या. सुकदेव डेपोतून तसाच काळ्या हातांनी आला आणि ते हात कुठे पुसावेत हे न कळून मागे बांधून उभा राहिला. त्या सगळ्या धावपळीत मी ज्याला त्याला सांगत होते, "तिनं काही खाल्लेलं नाही." कुणालाच त्याचं काही पडलं नव्हतं. मला मात्र तो निरोप पोचवायचा होता.

ती शुद्धीवर येईल का हे दुसऱ्या दिवशीही कुणी सांगेना. आबा बाहेर लिंबाच्या पारावर बसून राहिले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं आणि घरचं औषध मागितलं. आबांनी पिशवीतून बोळकं काढून दिलं. बाईंनी आपल्या फ्रिजमधली एक बाटली काढली, दोन्ही बाटल्या तळव्यात फिरवल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. त्यांची बाटली एकसारखी पांढरी झाली. आमच्या बाटलीच्या काचेला आतून कण चिकटले होते.

"फाटेल दूधसारखं दिखस," आबा म्हणाले.

"फाटलेलंच आहे. याला कुठेतरी जबर उष्णता लागली आहे. यात आता औषध म्हणून काही उरलेलं नाही. दोन्ही बाटल्यांत."

"मंग ती इतला दिन..."

"इतके दिवस ती पाणी टोचून घेत होती म्हणा ना."

आबांनी जमिनीकडे पाहिलं. "आनि आंबाना वास?"

"तो आंब्याचा नाही, आबा. औषध मिळालं नाही की शरीर आतल्या आत जळायला लागतं, तेव्हा श्वासाला असा वास येतो. उपाशी राहिलं तर आणखी वाढतो." मग त्या सुकदेवकडे वळल्या. "नीट ऐका. खाणं तेच, डोस तोच, आणि तरी नळी लाल व्हायला लागली, तर पहिल्यांदा बाटली बदलायची. कण दिसले, गाठी दिसल्या, रंग बदलला तर बदलायचीच, पण काही दिसलं नाही तरी बदलायची. आणि एकत्र ठेवलेली दुसरी बाटली नाही, दुकानातून नवी. माणसाला बोल लावायचा तो नंतर."

आबा म्हणाले, "आमी पहिले माणूसलेच धरं." त्या आणखी काही विचारतील म्हणून थांबले, पण बाईंना पुढचा पेशंट होता.

बेबा शुद्धीवर आली. आठवड्यानं तिला बसता येऊ लागलं तेव्हा भागाबाई आणि वच्छला अक्का तिला भेटायला आल्या. बाटल्यांना उष्णता कुठे लागली याचा घरात बराच काथ्याकूट झाला होता. एसटीत लागली असेल, वाळू सुकली असेल. अक्का ते सगळं ऐकत होत्या. खाटेजवळ येऊन त्यांनी बेबाचा हात धरला आणि सरळ सांगून टाकलं.

"घागर मांडानी व्हती. मी ते बोळकं चूलनी फळीवर ठेयेल व्हतं. एक दिन आनि एक रात."

 शेजारच्या खाटेवरची बाई पंखा हलवायची थांबली.

बेबा म्हणाली, "अक्का, माय माले रोज म्हने, रस खादा, रस खादा. तव्हय तू का बरं बोलनी नही?"

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "माले बी तेच वाटे," त्या म्हणाल्या. "तू रस खादा व्हशी."

बेबानं हात सोडवून घेतला नाही. ती भिंतीकडे तोंड करून निजली, हात तसाच अक्कांच्या हातात. भागाबाई पिशवीतला डबा काढत होत्या, तो त्यांनी पुन्हा पिशवीत ठेवला. आईनं लेकीची माफी मागायची रीत त्या घरात नव्हती आणि मला वाटतं बेबाला ती नकोही होती. तिला जे हवं होतं ते त्या पंधरा दिवसांत कधीतरी मिळायला हवं होतं. त्यानंतर ते कुणाला देता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

पुढे मी बदलून जळगाव जिल्ह्यात गेले, पण येणंजाणं राहिलं. तिला मुलगी झाली, कुंदा. सुकदेवनं घरात पहिली वस्तू घेतली ती फ्रिज. तरी दर नवी बाटली उघडली की आठवडाभर तिचं लक्ष लागत नसे. उन्हाळ्यात दिवस दिवस वीज जायची, आणि दुकानदाराच्या फ्रिजमध्ये ती बाटली कशी राहिली असेल हे तिला कोण सांगणार? नळी लाल आली की ती दुकानात जाऊन नवी बाटली आणायची, आणि घरी कुणी विचारायच्या आत काय काय खाल्लं ते सगळं सांगून टाकायची. सुकदेव म्हणायचा, "मी कुठे विचारलं तुला?" तो खरंच विचारत नसे. ती सांगायची थांबली नाही.

आता तिची साठी उलटली आहे. धुळ्यात देवपुराकडे राहते. डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, बाकी प्रकृती त्या मानानं बरी आहे. सुकदेव गेला. कुंदा नोकरीवर जाते, त्यामुळे दुपारी घरात कुणी नसतं. बेबाबाई एकटी जेवत नाही. साडेबाराच्या सुमारास ती ताट वाढून घेते आणि समोरच्या प्रमिलाबाईंच्या दारात जाऊन, त्यांना दिसेल अशी बसून जेवते.